आळेगाव कोणते?

१२ नोव्हेंबर १७६२ रोजी आळेगावला थोरल्या माधवराव पेशव्यांचा पराभव झाला, असे आपण मराठ्यांच्या इतिहासात वाचतो. त्याआधी पाच दिवस, ७ नोव्हेंबरला, घोड नदीवर माधवराव आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्या फौजा एकमेकींना भिडल्या होत्या. माधवराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. रघुनाथरावांच्या पाठीशी निजामाचे बळ होते. आळेगावनंतर माधवराव स्वतःहून चुलत्याच्या छावणीत गेले आणि काही काळ पेशवाईचा कारभार रघुनाथरावांच्या हाती गेला. पानिपतानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती आणि पुण्याची सत्ता घरातच फुटली होती. एवढ्या मोठ्या घटनेची जागा मात्र आपण एका गावाच्या नावावर सोडून दिली आहे. नकाशा समोर घेतला की पंचाईत लक्षात येते. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा आहे. दौंड तालुक्यात देऊळगाव राजेच्या बाजूला आलेगाव आहे. नावाच्या उच्चारावर जायचे तर जुन्नर तालुक्यातले आळेही हक्क सांगेल. पहिली दोन्ही गावे भीमेच्या खोऱ्यातली असली, तरी एक नदीच्या उत्तरेला आणि दुसरे दक्षिणेला आहे. दोन्हींमध्ये फौजेच्या एका मजलेपेक्षा बरेच जास्त अंतर आहे. लढाई यांपैकी एकाच ठिकाणी झाली असणार. माझे म्हणणे असे की ही जागा कागदांवरून ठरवता येते, ती शिस्तीने ठरवली पाहिजे, आणि ती ठरेपर्यंत कोणत्याही गावाच्या वेशीवर फलक लावू नये.

शिरूर आणि दौंड हे तालुके अशा कामासाठी अगदी योग्य आहेत. निजामाच्या मुलखातून किंवा नगरकडून पुण्यावर चालून येणाऱ्या फौजेला घोड आणि भीमा या दोन नद्या कुठे ना कुठे ओलांडाव्याच लागत. त्यामुळे अठराव्या शतकात या उताराच्या जागांवर पुन्हा पुन्हा लष्कर उतरले. १७५१ मध्ये सलाबतजंग आणि त्याचा फ्रेंच सेनानी बुसी या वाटेने आले. पानिपतानंतर वर्षभराच्या आतच निजामअली उरुळीपर्यंत येऊन थडकला. १७६२ ची घरातली लढाई येथलीच. बसईच्या तहानंतर इंग्रजांनी शिरूरला छावणी घातली आणि १८१८ च्या पहिल्या दिवशी कोरेगावला जी पलटण लढली ती याच छावणीतून निघाली होती. एवढ्या घटनांपैकी सर्वसामान्य वाचकाला जागेसकट माहीत असते ती एकच, कोरेगावची. बाकीच्या लढाया पुस्तकात तारखेला लटकलेल्या आहेत. जमिनीवर त्यांना ठिकाण नाही.

जागा नक्की नसली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. १७५१ ची मोहीम घ्या. बुसीने चंद्रग्रहणाची रात्र निवडून पेशव्यांच्या तळावर छापा घातला. लोक स्नानात आणि पूजेत गुंतलेले असतील हा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. तळाची पांगापांग झाली, पेशव्यांच्या पूजेची सोन्याची उपकरणीही शत्रूच्या हाती लागली. हा छापा कुकडीच्या काठी पडला असे मराठी लेखनात येते. त्यानंतर सलाबतजंगाच्या मोगल फौजेने तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त केले. इंग्रजी पुस्तकांतल्या तारखेने २७ नोव्हेंबरला मात्र मराठ्यांनी असा जबरदस्त उलट हल्ला केला की फ्रेंच तोफखाना नसता तर मोगलांचा पुरता मोड झाला असता. दत्ताजी आणि महादजी शिंदे व कोन्हेर त्रिंबक एकबोटे यांनी त्या दिवशी नाव कमावले. हा हल्ला कुठे झाला? १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात तळेगावचा नाश आधी येतो, मग हा हल्ला आणि भीमेवरचे कोरेगाव. मराठी लेखनात घोड नदीचे आणि मलठणचे नाव घेतले जाते. मलठण शिरूर तालुक्याच्या उत्तरेला, कोरेगाव दक्षिणेला, आणि तळेगाव ढमढेरे या दोहोंच्या मधल्या वाटेवर. लढाई मलठणला झाली असेल तर मराठ्यांचा हल्ला तळेगाव जळण्याच्या आधीचा ठरतो आणि तो होऊनही मोगल पुढे सरकले असा अर्थ निघतो. ती कोरेगावला झाली असेल तर तळेगावच्या नाशानंतर मराठे सावरले आणि त्यांनी शत्रूला पुण्याच्या दारात गाठले असा अर्थ निघतो. सेनापतींच्या कुवतीबद्दल, फौजेच्या मनःस्थितीबद्दल आणि तळेगावच्या लोकांना कोणी वाऱ्यावर सोडले की नाही याबद्दल दोन वेगळे निष्कर्ष केवळ जागा बदलल्याने निघतात. जागेचा प्रश्न हा इतिहासाच्या अर्थाचाच प्रश्न आहे.

त्यातही मलठण हे नाव एकट्या शिरूरचे नाही. दौंड तालुक्यातही भीमेच्या बाजूला मलठण आहे. नुसत्या नावाच्या यादीतून शोध घेणारा माणूस तिथे जाऊन उभा राहील. पण कुकडीच्या काठावरून निघून तळेगाव ढमढेऱ्यावरून पुण्याकडे जाऊ पाहणारी, अवजड तोफा ओढणारी फौज वाट सोडून एवढ्या खाली दौंडच्या पूर्वेला कशाला जाईल? म्हणजे येथे नावाने जो गोंधळ केला तो फौजेच्या चालीने सुटतो. या पट्ट्यात अशी जुळी नावे पावलोपावली आहेत. तळेगाव ढमढेरे आणि तळेगाव दाभाडे, रांजणगाव गणपती आणि रांजणगाव सांडस, कोरेगाव भीमा आणि कोरेगाव मूळ. आष्टीचीही तीच गत. बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. पण बीडमध्ये आष्टी आहे, वर्ध्यातही आहे. गावाचे नाव हा शोधाचा पहिला धागा झाला. त्याच्या भरवशावर निकाल देता येत नाही.

तारखांचेही असेच आहे. ग्रहणाच्या रात्रीचा तो छापा इंग्रजी पुस्तकांच्या आधारे २१ किंवा २२ नोव्हेंबर १७५१ ला घातला जातो. आजच्या कॅलेंडरने त्या दिवसांत पौर्णिमाच नव्हती, मग चंद्रग्रहण कुठून असणार! गुंता सोपा आहे. इंग्रजांनी नवे कॅलेंडर स्वीकारले ते १७५२ मध्ये. त्याआधीच्या त्यांच्या तारखा अकरा दिवस मागे चालतात. हिशेब केला की ग्रहणाची पौर्णिमा २ आणि ३ डिसेंबर १७५१ च्या मधल्या रात्री येते आणि कागद खरे ठरतात. फ्रेंचांनी नवे कॅलेंडर कधीच स्वीकारलेले होते. मोडी पत्रांत तिथी, शुहूर सन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. तीन पद्धतींच्या तारखा एकमेकींशी न जुळवता एकाच तक्त्यात मांडल्या, तर फौज एकाच दिवशी दोन ठिकाणी दिसेल किंवा न घडलेली अकरा दिवसांची विश्रांती तिच्या नावे लागेल. त्यावरून मजला मोजल्या तर लढाईची जागा सहज दुसऱ्या तालुक्यात जाऊन पडते. मोडकांची जंत्री हाताशी घेऊन बसणे हे या कामातले सर्वांत रुक्ष काम आहे आणि सर्वांत आधी तेच करायला हवे.

कागद जमिनीवर कसा उतरवायचा याचा धडा कोरेगावच्या लढाईतच मिळतो, कारण तिच्याबद्दलची नोंद भरपूर आहे. कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, काही घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. रात्रभर चालून सकाळी ती तुकडी भीमेजवळ आली तेव्हा पलीकडे पेशव्यांची फौज दिसली. मागे फिरणे शक्य नव्हते म्हणून स्टाँटनने कोरेगावचा आसरा घेतला. दिवसभर गल्लीबोळांत झुंज चालली. दुपारच्या उन्हात शिपाई तहानेने कासावीस झाले, कारण नदी समोर असूनही पाण्यापर्यंत जाण्याची वाट विरोधकांच्या माऱ्यात होती. हा तहानेचा तपशील फार मोलाचा आहे. गाव, नदी आणि दोन्हींमधली वाट यांची मांडणी तो नेमकी सांगतो. आता या लढाईचा जयस्तंभ पाहा. तो पेरण्याच्या हद्दीत, नदीच्या पुण्याकडच्या बाजूला उभा आहे. ज्या गावठाणात झुंज झाली ते पुलाच्या पलीकडे शिरूर तालुक्यात आहे. स्तंभ उभारणाऱ्यांनी नगर रस्त्यावरून सहज दिसेल अशी जागा निवडली असेल, त्यात गैर काहीच नाही. स्मारकाची जागा आणि लढाईची जागा या दोन गोष्टी वेगळ्या असतात एवढेच यातून घ्यायचे. इतक्या गाजलेल्या लढाईतही हे अंतर राहत असेल, तर ज्या लढायांना ना स्तंभ ना समकालीन नकाशा, तिथे नुसत्या ऐकीव माहितीवर किती विसंबायचे?

आता पुन्हा आळेगाव. दौंडकडच्या आलेगावाच्या बाजूने बोलणारी एक मोठी गोष्ट आहे. या घडामोडीत रघुनाथरावांनी निजामाशी पेडगावला करार केला आणि दौलताबादसह मोठा मुलूख त्याला देऊ केला. पेडगाव भीमेच्या उत्तर काठावर श्रीगोंदे तालुक्यात आहे आणि दौंडचे आलेगाव नदीच्या अलीकडे त्याच टापूत आहे. घोड नदी भीमेला मिळते तीही दौंडच्या परिसरातच. रघुनाथराव आणि निजाम यांच्या हालचाली या भागात एकवटलेल्या असतील तर पाच दिवसांत घोडेवरून भीमेवर सरकलेली लढाई इथे येणे स्वाभाविक आहे. आलेगाव पागाच्या बाजूनेही बोलता येते. ते घोड आणि भीमा यांच्या दुआबात आहे, पुण्याकडे माघार घेणाऱ्या फौजेच्या वाटेवर बसते, आणि गावाच्या नावातली पागा तिथे कधीकाळी सरकारी घोडी बांधलेली असावीत असे सुचवते. पण पागा केव्हाची हे कळल्याशिवाय त्या नावाला पुराव्यात जागा देता येत नाही. ती माधवरावांच्या नंतरचीही असू शकेल. आज समोर असलेल्या गोष्टींवर माझा कल दौंडकडे आहे. मात्र हा कल मोडायला एखाद्या पत्रातले एक वाक्य पुरे होईल. दौंड तालुका सगळा भीमेच्या दक्षिणेला आणि शिरूर तालुका उत्तरेला आहे. ७ ते १२ नोव्हेंबर या पाच दिवसांत माधवरावांच्या फौजेने भीमा ओलांडली की नाही, एवढे कुणी लिहून ठेवलेले सापडले तर दोन गावांपैकी एक आपोआप बाद होते.

आणि घोड नदीची लढाई? शिरूर शहरालाच लोक घोडनदी म्हणतात, त्यामुळे ती लढाई शहराजवळ झाली असे मनात सहज ठसते. पण नदी मोठी आहे. आंबेगावच्या डोंगरातून निघून ती शिरूरला वळसा घालत भीमेपर्यंत जाते. ७ नोव्हेंबरची जागा या लांबलचक काठावर कुठेही असू शकते, आणि ती ठरली तर आळेगावचा निकाल आणखी सोपा होईल. म्हणून दोन्ही लढायांचा शोध एकत्रच घ्यायला हवा.

असे वाक्य सापडण्याची शक्यता किती? मला ती चांगली वाटते. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड छापले. ती निवड होती. सरदारांच्या भानगडी, राजकारण, मोठे तह यांकडे निवडणाऱ्याचे लक्ष असणार, हे समजण्यासारखे आहे. जागा शोधणाऱ्याला मात्र वेगळे कागद लागतात. फौजेला चारा कुठून आला, कोणत्या गावाला तसवीस लागली म्हणून सूट दिली, जखमी कुठे ठेवले, नावाड्यांना काय दिले, कोणत्या मुक्कामावरून पत्र निघाले. मुक्कामाचे गाव आणि तिथी पत्रातच असते. वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहात पटवर्धनांचा पत्रव्यवहार आहे, आणि गोपाळराव पटवर्धन तर या झगड्यात माधवरावांच्या बाजूचे. रघुनाथरावांनी पुढे मिरजेवर चालून जाऊन त्याचा सूड घेतला. राजवाड्यांच्या साधनांचे खंड आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह आहे. हे सगळे १७६२ च्या नोव्हेंबरातल्या पंधरा दिवसांपुरते, केवळ ठिकाणांसाठी, वाचायचे आहे. अख्खा इतिहास पुन्हा लिहायला कोणी सांगत नाही. पत्र प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे आहे की ऐकून लिहिणाऱ्याचे, त्याच दिवशीचे आहे की महिन्यानंतरचे, जिंकलेल्याचे की हरलेल्याचे, याची वर्गवारी केली की त्याचे वजन ठरते. बखरी आणि ग्रँट डफ हे उशिरा लिहिलेले असल्याने शेवटी वाचावेत.

कागद संपला की जमीन बोलू लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणावर इंग्रज सेनापती वेलस्लीला नदीचा उतार सापडत नव्हता. वाटाड्यांनी नाही म्हणून सांगितले. कैलना नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावे त्याला दिसली. इतकी जवळ असलेली गावे उताराशिवाय राहणार नाहीत असे त्याने ताडले आणि ते खरे निघाले. आपल्यालाही तसाच विचार करता येतो. भीमेचे आणि घोडेचे जुने उतार काठच्या लोकांना अजून ठाऊक आहेत. नावा कुठे चालत, हे पूल होण्याआधीचे दिवस पाहिलेली माणसे सांगू शकतात. नोव्हेंबरात नदीला पाणी असते, तेव्हा तोफा कुठून उतरतील आणि कुठून उतरणार नाहीत हे ठरवणे अवघड नाही. अर्थात आजची नदी १७६२ ची नव्हे. चिंचणीच्या धरणाने घोडेचा काठ बदलला, १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनीचा फुगवटा दौंडच्या पूर्व भागापर्यंत आला, वाळूउपशाने पात्र खरवडले. काही उतार कायमचे पाण्याखाली गेले असतील. पण धरणांच्या आधी केलेल्या मोजणीचे नकाशे आहेत, गावनकाशे आणि जुने सर्व्हे नंबर आहेत, आणि शिवारातल्या माळांना, ओढ्यांना, पाणंदींना लोकांनी दिलेली नावे आहेत. एकत्रीकरणात गट नंबर आले आणि ही नावे कागदावरून उतरली. ती आता फक्त वयस्कर माणसांच्या बोलण्यात उरली आहेत, म्हणून या कामाला उशीर परवडणारा नाही.

लोकस्मृती कितपत विश्वासाची, हा आक्षेप इथे येतो. त्याचे उत्तर शिरूरमध्येच आहे. १८०९ मध्ये शिरूरला वारलेला कर्नल वॉलेस तिथल्या लोकांचा सत्पुरुष झाला. सुगीचे पहिले धान्य त्याच्या थडग्याला नेऊन ठेवण्याची रीत एकोणिसाव्या शतकातल्या पुणे गॅझेटियरने नोंदवली आहे. लोकांनी व्यक्ती लक्षात ठेवली, जागा तंतोतंत लक्षात ठेवली. बदलला तो तिचा अर्थ. माझ्या मते लोकस्मृतीचा हा स्वभाव ओळखूनच तिच्याकडे जावे. अमक्या लढाईत तमका पडला, ही कथा तिच्याकडून घेऊ नये. पण इथे काहीतरी घडले, या दगडाला तेव्हापासून शेंदूर लागतो, या तुकड्यात नांगर लावत नाहीत, ही जागेची साक्ष घ्यावी आणि कागदाशी ताडून पाहावी. वीरगळ आणि समाध्या यांचेही तसेच आहे. बहुतेक वीरगळ पेशवाईच्या कितीतरी आधीचे असतात. दिसला वीरगळ की जोडला लढाईशी, असे करून चालणार नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढे करूनही शंभर टक्के खात्री मिळणार नाही. मान्य. पण खात्रीच्याही पायऱ्या असतात, आणि त्या लिहून ठेवता येतात. निश्चित, बहुतेक, शक्य, आणि पुरावा अपुरा. कोरेगावचे गावठाण निश्चित या पायरीवर बसते. दौंडचे आलेगाव आज बहुतेक या पायरीच्या खाली आहे. उद्या नवे पत्र आले की पायरी बदलावी आणि बदल का केला हेही लिहावे. इंग्लंडमध्ये १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईची जागा अँबियन टेकडीवर आहे असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले, तिथे प्रदर्शनही उभे राहिले. कागदपत्रे, जुनी दलदल, मातीचे थर आणि धातुशोधक यंत्राने केलेली शिस्तबद्ध पाहणी यांतून २००९ च्या सुमारास खरी जागा तिथून सुमारे तीन किलोमीटरवर निघाली. शिशाचे तोफगोळे सापडले, तिसऱ्या रिचर्डचे रानडुकराचे चांदीचे चिन्ह सापडले. फ्रान्समधल्या फ्रोमेल येथे जुलै १९१६ मध्ये पडलेल्या ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश सैनिकांची सामूहिक थडगी लांबिस एंग्लेझोस या मेलबर्नच्या शिक्षकाने जुन्या नोंदी आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे ताडून दाखवून दिली. अधिकाऱ्यांनी आधी शंका घेतली, मग खोदले, आणि २५० जणांचे अवशेष मिळाले. त्यांतल्या अनेकांना नव्वद वर्षांनी नाव मिळाले. आपल्या तालुक्यांत असे शिक्षक नाहीत काय?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमाच्या परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, घरे-दुकाने जळाली. जुन्या लढायांच्या जागा उकरून काढल्या की नवी भांडणे उभी राहतील, त्यापेक्षा हा विषय झाकलेलाच बरा, असे अनेक समजूतदार लोक मनापासून म्हणतात. त्यांची भीती मी हलकी मानत नाही. कोरेगावच्या जयस्तंभावरच्या नावांत बावीस नावे ‘नाक’ या प्रत्ययाची आहेत, म्हणजे महार शिपायांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथे आले आणि तेव्हापासून लाखो लोकांच्या आत्मसन्मानाशी ती जागा जोडली गेली. हा अर्थ जिवंत आहे आणि त्याला कुठल्याही नकाशाने धक्का लागत नाही. पण वाद कशामुळे पेटतात ते पाहावे. ज्या गोष्टींचा तपास कोणी केलेला नसतो, ज्यांवर कोणीही कसाही दावा करू शकतो, त्यांच्या भोवतीच अफवा जमतात. कोणत्या पत्रात काय आहे, ते कोणी लिहिले, आणि किती खात्रीने काय म्हणता येते हे उघडपणे मांडलेले असेल, तर खोटा फलक लावणाऱ्याला विचारता येते की हे कशावरून. मौन पाळल्याने ती विचारण्याची ताकद आपण गमावतो. शिवाय १७५१ आणि १७६२ च्या रणांवर पडलेल्यांत मराठे होते, ब्राह्मण होते, महार, मांग, रामोशी, धनगर होते, पठाण आणि अरब होते, तोफांवरचे गोलंदाज आणि ओझी वाहणारे बिगारी होते. त्यांतल्या बहुतेकांचे नाव कोणत्याही कागदात नाही. त्यांच्याबद्दल आपण निदान एवढे तरी सांगू शकतो की ती माणसे इथे पडली.

शेतकऱ्याची चिंता वेगळी असते आणि ती रास्त आहे. जागा जाहीर झाली की जमीन सरकार घेईल, बांधकामाला बंदी येईल, किंवा रात्री गुप्तधन शोधणारे शेत उकरतील. म्हणून पहिल्या टप्प्यात कुठेही खोदू नये आणि नेमके गट नंबर छापू नयेत. कागद, नकाशा आणि शिवारफेरी एवढ्यावर बरेच काम होते. नांगरताना शिशाची गोळी किंवा लोखंडी गोळा निघाला तर तो कुठे निघाला याची नोंद त्या वस्तूहून जास्त मोलाची असते. वस्तू घरी नेऊन कपाटात ठेवली आणि जागा विसरली की तिची साक्ष संपली. जमिनीतून निघालेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, हेही गावोगाव सांगायला हवे. संरक्षित स्मारकाचा प्रश्न पुढचा. तो आला तर ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

या कामाला मोठा निधी लागत नाही. मोडी वाचणारी माणसे पुण्यात आहेत, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे जाणकार आहेत, कागद पुराभिलेखागारात आहेत. नाही ती त्यांना एकत्र बसवणारी व्यवस्था. शिरूर आणि दौंड पंचायत समित्यांनी ती करावी. आलेगाव पागा, दौंडचे आलेगाव आणि मलठण या गावांतल्या शिक्षकांनी यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या शिवारातली जुनी नावे, नदीचे उतार, नावेच्या जागा आणि शेंदूर लागणारे दगड वयस्कर माणसांना विचारून वहीत उतरवावेत. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी, स्वतःचा अंदाज वेगळ्या शाईने लिहावा. पुराभिलेखागाराने ऑक्टोबर-नोव्हेंबर १७६२ चे कागद ठिकाणांच्या सूचीसह खुले करावेत. आणि ज्यांच्या घरी पेशवाईतले मोडी रुमाल अजून माळ्यावर आहेत, त्यांनी ते वाळवी लागण्याआधी वाचून घ्यावेत. आळेगावचा निकाल लावणारे ते एक वाक्य तिथेही असू शकते.